चौघांचं टेबल

“भिंगरे, ए भिंगरे! भात निवतोय गं, कुठे भिरभिरतेयस?”

परसदारातून येणारी ताईची हाक. ते परसदार कधीच पडलं. तिथे उभी राहून हाक मारणारी ताईही साठीपलीकडे गेली. पण समोर वाफाळतं काही आलं की ही हाक कुठूनतरी येऊन कानाशी बसायची. भिंगरीने सूपचा पहिला घोट घेतला, हाक विरू दिली, चमचा टेबलावर ठेवला आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून कोपराने तो हळूच कडेकडे ढकलला.

खण्ण.

हे तिचं काम होतं. चमचा पडला की कोण बघतं, कोण बघून न बघितल्यासारखं करतं, दुसरा चमचा हसत येतो की आदळत येतो, हे सगळं तिने ध्यानात ठेवायचं असे. या शहरात रोज कुठे ना कुठे फीत कापली जात होती. काल जिथे खड्डा होता तिथे आज काचेचा दरवाजा, आणि दरवाजाला अजून रंगाचा वास. नव्या बाजारपेठेतले सगळे गाळे एकाच कंपनीचे होते. कोणत्या गाळ्यात गिऱ्हाइकाला कसं वागवतात हे त्या कंपनीला कळायला हवं असे, म्हणून ती भिंगरीसारख्या माणसांना गिऱ्हाईक बनवून धाडायची. दुकानात जायचं, नाही नाही ते विचारायचं, हॉटेलात चमचा पाडायचा आणि घरी येऊन साहेबांना फोनवर सगळं सांगायचं. आपण कोण हे कुणाला कळता कामा नये. एकदा गेलेल्या जागी पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

“तुमचा चेहरा कुणाच्या लक्षातच राहत नाही हो बाई,” साहेब एकदा खूश होऊन म्हणाले होते. “आपल्या कामात हे सोनं आहे, सोनं!”

त्या दिवशी भिंगरी बराच वेळ आरशासमोर उभी राहिली होती.

दुसरा चमचा आला तो थेट मालकिणीच्या हातून. ठेंगणी, गोल, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, हातांना पीठ लागलेलं. भिंगरी खालचा चमचा उचलायला वाकली तशी ती म्हणाली, “राहू द्या, राहू द्या. जमिनीलाही कधीमधी भूक लागते.”

भिंगरीला हसू आलं. हसायचं नसतं, नाहीतर माणूस लक्षात राहतं. तिने हसू आत वळवलं आणि ठरलेले प्रश्न काढले. रविवारी उघडं असतं का? सूपमध्ये तिखट किती? चौघं आले तर बसायला जागा होईल का?

“माझी बहीण यायचीय,” ती म्हणाली. “तिच्यासाठी बघून ठेवतेय. तिला तिखट सोसत नाही.”

“आणा की. तिच्यासाठी वेगळं करीन.” मालकिणीने टेबलावरचे पावाचे कण तळहातावर गोळा केले. “थोरली की धाकटी?”

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“थोरली,” भिंगरी म्हणाली, आणि तिचा आवाज जरासा आत गेला.

एकटी बाई फार प्रश्न विचारायला लागली की दुकानदाराच्या भुवया चढतात. म्हणून काहीतरी कारण हाताशी लागतं. या कामातल्या इतरांनी कुणी नवरा उभा केला होता, कुणी परदेशातला मुलगा. भिंगरीपाशी एकच माणूस होतं. चपलांच्या दुकानात ती सांगे, बहिणीची पावलं रुंद आहेत हो, पट्टा सैल हवा. दिव्यांच्या दुकानात सांगे, तिला मिट्ट काळोखात झोप येत नाही, मंद काही आहे का? चादरीच्या दुकानात बोटांत कापड चोळून म्हणे, नको, ह्याने तिच्या अंगाला खाज सुटेल. आणि यातलं काही खोटं नसे. पावलं तशीच, झोप तशीच, अंग तसंच. खोटं होतं ते एवढंच, की ती यायचीय. या शहरात येऊन आज वर्ष होत आलं. गल्लोगल्ली ताई होती, दुकानादुकानात ताई होती, फक्त शहरात ताई नव्हती.

ताईपुढे मात्र ती दुसरंच बोलायची.

रविवारी सकाळी फोन यायचा. भिंगरी खिडकीत बसून घ्यायची. खाली अर्धी फरशी बसवलेला पदपथ, काठीला बांधलेली कोवळी झाडं, समोरच्या इमारतीचे पडदे नसलेले मजले. पहिल्याच महिन्यात ताईने विचारलं होतं, “हॉटेलात गेलीस म्हणतेस, कुणाबरोबर?” आणि भिंगरी पटकन बोलून गेली होती, “आहेत गं दोघी.”

त्या दोघी मग वाढत गेल्या. एक चष्म्याच्या दुकानातली. ती इतकी उंच की दारातून येताना मान तिरकी करते, म्हणून तिचं नाव लंबू. दुसरी दवाखान्यातली सिस्टर, बोलते कमी पण हात मऊ. लंबूला कॉफीत साखर लागत नाही. सिस्टरला बिलावरून भांडायला आवडतं. ताई तिकडे फोनवर हसहसून लोळायची. “तुझी लंबू म्हणजे कमालच आहे बाई!” म्हणायची, आणि शेवटी न चुकता म्हणायची, “तू तिथे रमलीस ना, मग मला झोप लागते बघ.”

आई गेली तेव्हा भिंगरी इतकी लहान होती की तिला आईचा चेहरा आठवत नाही, ताईचे गुडघे आठवतात. त्या गुडघ्यांवर तिची वेणी घातली जायची. भिंगरी ज्या कापडाच्या दुकानात उभी राहून म्हातारी होणार होती ते बंद पडलं आणि या शहरातलं काम आलं, तेव्हा ताई म्हणाली होती, “एकटी कशी राहशील गं?” भिंगरी म्हणाली होती, “मला काय धाड भरलीय?” एवढ्या तोऱ्याने उच्चारलेला शब्द पुन्हा गिळायचा कसा?

आणि ताईला झोप तरी कशी लागायची?

त्या रविवारी ताईचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत होता.

“ऐक. तुझे भाऊजी चाललेत त्यांच्या भावाकडे. घर बंद. मी येते.”

“कुठे?”

“कुठे काय? तुझ्याकडे! शनिवारी सकाळच्या बसने. आणि हे बघ, त्या दोघींना आत्ताच सांगून ठेव. दुपारचं जेवण माझ्याकडून. माझ्या बहिणीला सांभाळतात त्या. एकदा त्यांना डोळे भरून बघू दे.”

“अगं, त्यांना सुट्टी मिळेल की नाही...”

“मिळेल, मिळेल. थोरल्या बहिणीने सांगितलंय म्हणावं. आणि तू का अशी दबक्या आवाजात बोलतेयस? घसा धरलाय का?”

फोन ठेवल्यावर भिंगरीने खोलीकडे पाहिलं. एक खाट, एक खुर्ची. चादरी झटकल्या, खिडकीची काच पुसली. काच स्वच्छ झाली तसे समोरचे रिकामे मजले आणखी लख्ख दिसायला लागले.

ताई येणार याचा आनंद आणि ताई येणार याची धास्ती, दोन्ही एकाच घासात आल्यासारखं झालं. सोमवारी ती बाहेर पडली ती काम नसताना. कोणीतरी असेल, तिने स्वतःला समजावलं. वर्षभर एवढी दुकानं पालथी घातली, एवढ्या माणसांशी बोलले. एखादी बाई तासाभरासाठी माझी मैत्रीण व्हायला तयार होईल. त्यात काय मोठंसं? दुकानात कपडे घालून उभे करतात त्या पुतळ्यांसारखं नुसतं बसायचंय.

दिव्यांच्या दुकानातला विक्रेता लगबगीने पुढे आला. “या मॅडम! पहिल्यांदाच येताय का आपल्याकडे?”

तिने याच माणसाशी मंद दिव्याबद्दल घोळ घातला होता. त्याने तिच्यासाठी शिडी चढून सगळ्यात वरचं खोकं काढलं होतं.

“हो,” भिंगरी म्हणाली. “पहिल्यांदाच.”

चपलांच्या दुकानातली पोरगी तिला तेव्हा ‘मावशी’ म्हणाली होती. मॅडम म्हणायचं असा नियम होता, पण भिंगरीने साहेबांना ते सांगितलं नव्हतं. त्या एका हाकेवर तिने दोन दिवस काढले होते. आज पोरगी मोबाइलवरून मान वर न काढता म्हणाली, “बोला मावशी.” मग भिंगरीने पाहिलं, मागून आलेल्या बाईलाही ती मावशीच म्हणाली. आणि तिच्या मागच्या बाईलाही.

चष्म्याच्या दुकानासमोर ती जराशी रेंगाळली. इथेच तिने लंबूला नोकरीला लावलं होतं. आत एक बुटका म्हातारा काचा पुसत बसला होता.

सूपच्या हॉटेलात ती शेवटी गेली. इथेही नियम मोडून गेली. दुपार उतरली होती, गर्दी ओसरली होती. ती त्याच खुर्चीवर बसली. काय बोलायचं ते तिने वाटेत घोळवून ठेवलं होतं. बाई, एक गंमत करायची आहे, माझी बहीण येतेय, तुम्ही फक्त... पुढचं वाक्य मात्र दर वेळी मोडत होतं. सूप आलं. तिने घोट घेतला, चमचा ठेवला, आणि डोक्यात ते वाक्य जुळवता जुळवता कोपर आपलं आपण सरकलं.

खण्ण.

मालकीण दुसरा चमचा घेऊन आलीच. “त्या दिवशीही पाडलात,” ती म्हणाली. “इथेच, ह्याच बाजूला.”

भिंगरीचा चेहरा उतरला. घाबरून तिने तोंडाला सवयीचं होतं ते बोलायला सुरुवात केली. “रविवारी उघडं असतं का हो? आणि सूपमध्ये तिखट...”

मालकिणीने समोरची खुर्ची ओढली आणि ती टेकली. तिच्या नजरेत संशय नव्हता. काळजी होती.

“हे सगळं तुम्ही विचारलं होतंत, बाई. उत्तरंही मी तीच देणार. बहीण यायचीय, थोरली, तिला तिखट सोसत नाही. बरोबर?” तिने आवाज खाली आणला. “राग मानू नका हं. विसरायला होतं का तुम्हाला? माझ्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. आधी चमचे, मग नावं.”

“नाही, नाही! मला सगळं आठवतं.” भिंगरीला हसावं की रडावं कळेना. “मला तर फारच आठवतं.”

“मग बरं.”

आत कुणीतरी भांडी एकात एक रचत होतं. या शहरात कुणीतरी आपल्याला ओळखलं, भिंगरीच्या मनात आलं, आणि ओळखलं ते विसराळू बाई म्हणून. पण ओळखलं. आता बोलायला हवं. तिने तोंड उघडलं. मालकिणीच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता, पिठाखालून पुसट दिसत होता. या हातांना आणखी खोटं कसं मळायला सांगायचं?

“शनिवारी दुपारी,” भिंगरी म्हणाली, “चौघांचं टेबल मिळेल का?”

“आली म्हणायची बहीण!” मालकीण टाळी वाजवून उठली. “वाट बघून बघून मीच थकले होते.”

शनिवारी बसमधून ताई उतरली ती आधी पिशव्या देत. एक पिशवी, दुसरी पिशवी, तिसरी पिशवी, आणि मग सगळ्यात शेवटी ताई. तिने भिंगरीला हाताच्या अंतरावर धरून खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“वाळलीस.”

“छे गं.”

“मी वजन नाही विचारलं. वाळलीस म्हटलं.”

जेवणाला वेळ होता. भिंगरी तिला बाजारपेठेतून फिरवू लागली. वर्षभर जे एकटीने पाहिलं ते आता दोघींच्या डोळ्यांत मावेना. ताई प्रत्येक काचेला नाक लावायची, प्रत्येक कापडाला हात. आपोआप उघडणाऱ्या दरवाजाला ती “आले रे बाबा, आले” म्हणाली. दिव्यांच्या दुकानात किंमत ऐकून तिने विक्रेत्याला विचारलं, “एवढ्याशा दिव्याला एवढे? ह्याचा उजेड काय शेजारच्या घरातही पडतो का?” विक्रेता आधी गोंधळला आणि मग खदखदून हसला. निघताना दारापर्यंत आला. “पुन्हा या हं, काकू,” तो ताईला म्हणाला. ताईला इथे येऊन दोन तासही झाले नव्हते.

“तुझ्या दोघींना इथेच कुठेतरी भेटायचंय ना?” ताई म्हणाली. “चल बाई लवकर. मोठी माणसं ती, थांबवून ठेवायला नको.”

टेबल खिडकीशी होतं. चार ताटल्या, चार पेले, चार खुर्च्या. मालकिणीने लांबूनच हात केला. ताई बसली, पदर सारखा केला, आणि शेवटच्या पिशवीतून दोन लोकरी मफलर काढले. एक राखाडी, एक जांभळा.

“विणलेत. तुझ्या भाऊजींच्या दुखण्यात रात्री जागायचे ना, तेव्हा. हा सिस्टरला. आणि हा लंबूला.” तिने जांभळा उलगडला. तो उलगडतच राहिला. “हा जरा लांबच केला. म्हटलं एवढी उंच बाई, आखूड झाला तर गळ्याभोवती दोरी बांधल्यासारखा दिसायचा.”

तिने एकेक मफलर एकेका रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. नीट, टोकं सारखी करून.

भिंगरी पाणी प्यायली.

“येतील. शनिवारी दवाखान्यात गर्दी असते.”

“येऊ देत की. मला कुठे घाई आहे?”

लोक येऊ लागले. हॉटेल भरलं. लहान मूल कडेवर घेतलेला एक माणूस दोन रिकाम्या खुर्च्यांकडे बघून उभा राहिला आणि मफलर पाहून मागे फिरला. पाव आले. ताईने हात लावला नाही. सूप आलं, त्यावर हळूहळू साय धरू लागली.

“फोन तरी कर एकीला.”

“केला होता. रस्त्यात असतील.”

“कधी केलास? तू तर माझ्यासमोरच बसली आहेस.”

भिंगरीने दरवाजाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. ती इतकी वेळा दरवाजाकडे पाहत होती की तिचं तिलाच क्षणभर वाटलं, आता तो उघडेल आणि मान तिरकी करून लंबू आत येईल.

मालकीण एकदा टेबलाजवळून गेली, दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्यांदा ती थांबली. तिने निवलेलं सूप पाहिलं, खुर्चीवरचा जांभळा मफलर पाहिला, मग भिंगरीचं तोंड पाहिलं. खांद्यावरचं फडकं काढून तिने हात पुसले, जांभळ्या मफलरची खुर्ची ओढली आणि बसली.

“माफ करा हं, ताई,” ती म्हणाली. “उशीर झाला. आतून निघताच येईना.”

ताईने तिच्याकडे पाहिलं. टेबलाच्या कडेशी जेमतेम आलेली तिची हनुवटी, जमिनीला न टेकणारे पाय.

“तुम्ही... लंबू?”

“हो,” मालकीण पापणीही न लववता म्हणाली. “बसले की कळत नाही.”

मग ताई हसली. खुर्चीवरचा मफलर उचलून तिने स्वतःच्या हाताने मालकिणीच्या गळ्यात घातला, एक वेढा दिला, दुसरा दिला, तिसरा दिला, तरी दोन्ही टोकं फरशीवर लोळत राहिली. मालकीण त्यात नाकापर्यंत बुडाली. जांभळ्या लोकरीवरून तिचे दोन डोळे भिंगरीकडे वळले. त्यांत विचारणं होतं. चालवायचं का, असं.

चालवता आलं असतं. ताईने काही विचारलं नसतं. सूप पुन्हा गरम होऊन आलं असतं, सिस्टरला अचानक काम निघालं असतं, आणि उद्या बसमध्ये बसताना ताई म्हणाली असती, आता मला झोप लागेल बघ. ताईचे हात अजून मालकिणीच्या गळ्याशी होते, लोकर सारखी करत. बोटांची पेरं सुजलेली. रात्र रात्र विणून सुजलेली.

“ताई,” भिंगरी म्हणाली.

“हं?”

“ह्या इथल्या मालकीणबाई आहेत. चांगल्या आहेत, म्हणून बसल्या.” तिने टेबलाची कड धरली. “लंबू नाहीये गं. सिस्टरही नाहीये. कधीच नव्हत्या.”

ताईचे हात थांबले. मालकीण उठायला गेली, पण ताईने तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

“मग तू सांगायचीस ते... कुणाबरोबर जायचीस तू?”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. दरवाजा उघडला, मिटला. भिंगरीने या वेळी तिकडे पाहिलं नाही.

“कुणाबरोबर नाही,” ती म्हणाली. “एकटीच जाते. एकटीच जेवते, रोज.” तिचा आवाज लहान मुलीसारखा पातळ झाला. “आणि मला नाही आवडत गं, ताई.”